मुक्कामी मासेमारीसाठी फ्लाय बांधण्याची पेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लाय म्हणजे गळावर पिसे, केस आणि दोरा बांधून केलेले नकली आमिष. ते बांधायचे सामान तालुक्याच्या गावात मिळत नाही. घरातून निघताना पेटीत जे नव्हते, ते तापीच्या काठावर पोचल्यावर कुठूनही येणार नाही. आणि घरातले सगळेच उचलून नेले, तर पाठीवर चार किलोचे ओझे होते आणि हवा असलेला एकच मणी तासभर सापडत नाही. खाली दिलेली उत्तरे खान्देशातले पाणी, ऊन, वारा आणि मासे समोर ठेवून लिहिली आहेत.

तयार फ्लाय भरपूर नेल्या तर पेटीची गरजच काय?

एका दिवसाची फेरी असेल तर खरोखर गरज नाही. तयार फ्लायची डबी पुरेशी आहे. दोन रात्रींपासून पुढचा मुक्काम असेल तर पेटी न्यावी, कारण अशा मुक्कामात नेमकी चालणारी फ्लाय आधी संपते. धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या बाभळी असतात, पाण्याखाली तुटकी झुडपे असतात. मरळ मिळते ती तिथेच, आणि फ्लाय अडकून तुटते तीही तिथेच. दुसरे कारण पाण्याच्या रंगाचे. वरच्या खोऱ्यात पाऊस झाला की तापी एका रात्रीत गढूळ होते, आणि पांढऱ्या फ्लायचा अख्खा साठा बिनकामाचा होतो.

पेटी ही डबीला पूरक असते. डबी घरी भरायची, पेटीने फक्त रिकामे खण भरायचे.

भरायला सुरुवात कशापासून करावी? हत्यारांपासून की साहित्यापासून?

दोन्हीपासून नाही. आधी कागदावर फ्लायची नावे लिहा, चारच. प्रत्येक नावाखाली ती बांधायला लागणारी प्रत्येक वस्तू क्रमाने लिहा: गळ, वजन, शेपूट, अंग, तार, पिसे, दोरा. मग एका फ्लायसाठी एक झिप पिशवी घ्या आणि त्या यादीतले सगळे तिच्यातच भरा. पिशवीवर कायम शाईने नाव आणि गळाचा नंबर लिहा.

बहुतेक जण पिशव्या साहित्यानुसार करतात: सगळी पिसे एकीकडे, सगळे मणी दुसरीकडे. घरच्या टेबलावर ती पद्धत ठीक आहे. नदीकाठी एका फ्लायसाठी सहा पिशव्या उघडाव्या लागतात, आणि उघडी राहिलेली प्रत्येक पिशवी वाऱ्याच्या ताब्यात जाते. फ्लायनुसार पिशवी केली तर एका वेळी एकच उघडी असते. काळी पिसे दोन पिशव्यांत विभागावी लागली तर खुशाल विभागा.

चार नावांच्या यादीत न बसणारे काहीही पेटीत जाणार नाही, हा नियम कडक पाळा. ‘असू द्या, लागेल’ म्हणून टाकलेले सामानच पेटी जड करते.

खान्देशातल्या पाण्यासाठी ते चार प्रकार कोणते?

आमची निवड अशी आहे.

पहिली वूली बगर, ८ नंबरच्या लांब दांड्याच्या गळावर, काळी आणि शेवाळी. चिलापी, लहान मरळ, गढूळ पाण्यातला शिंगाडा मासा, सगळ्यांना चालते. एकच प्रकार न्यायचा झाला तर हाच न्या.

दुसरी क्लाउझर मिनो, २ आणि १/० नंबरवर. अमेरिकेत बॉब क्लाउझर यांनी सस्क्वेहॅना नदीतल्या बास माशांसाठी बांधलेला हा नमुना छोट्या माशाची नक्कल करतो. डंबेलच्या आकाराचे जड डोळे दांड्याच्या वरच्या बाजूला, नेढ्यापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर बांधतात, त्यामुळे गळ उलटा होऊन टोक वर करून चालतो आणि तळातल्या काटक्यांत कमी अडकतो. शिवड्यासारख्या शिकारी माशांसाठी हीच.

तिसरी फोमचा बेडूक, १/० रुंद वाकाच्या गळावर. ही फक्त मरळीसाठी. मरळ हवा घ्यायला वर येते आणि पाणवनस्पतींच्या कडेला बेडूक टिपते. हिला ०.४५ ते ०.५० मिमी जाडीच्या नायलॉन तंगूसचा वनस्पतीरोधक फास असलाच पाहिजे, नाहीतर प्रत्येक फेकीला शेवाळ ओढून आणाल.

चौथी जागा मोसमाची. सप्टेंबर-ऑक्टोबरात शेतशिवाराला लागून असलेल्या पाण्यावर फोमचा नाकतोडा, १० नंबर. हिवाळ्यात पाणी निवळल्यावर मणी लावलेली हेअर्स इअर निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या अळीची नक्कल), १२ किंवा १४ नंबर.

रोहू आणि कटल्यासाठी वेगळी पिशवी करू नका. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहूही बराचसा वनस्पती आणि शेवाळावर जगतो. फ्लायला ते क्वचितच लागतात. सातपुड्यात नर्मदेच्या बाजूला महसीरची आशा धरून जाणार असाल, तर ४ नंबरचे जाड तारेचे गळ वेगळे घ्या. महसीर साधा गळ सरळ करून टाकतो.

हत्यारे नेमकी किती?

व्हाइस (गळ धरून ठेवणारा शिकंजा), टोकदार छोटी कात्री, दोन बॉबिन होल्डर (दोऱ्याचे रीळ धरणारे, पुढे नळी असलेले हत्यार), हॅकल प्लायर (पीस धरून गुंडाळायचा चिमटा), बुचात खोचलेली जाड सुई. झाली यादी.

बॉबिन दोन का, तर एकीत ७० डेनियरचा बारीक काळा दोरा (निम्फ आणि बगर) आणि दुसरीत १४० डेनियरचा जाड (क्लाउझर आणि फोम). एकाच बॉबिनवर रीळ बदलत बसलात की नळीतून दोरा ओवायला दरवेळी वेळ जातो. बॉबिनच्या नळीत दोरा ओवण्यासाठी पातळ तारेचा एक फास पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.

व्हिप फिनिशर, म्हणजे शेवटची गाठ मारायचे हत्यार, सोडला तरी चालेल. हाताने गाठ येत असेल तर उत्तम. नसेल तर रिकाम्या बॉलपेनची निमुळती नळी घ्या. दोरा नळीवर एक वेढा देऊन गुंडाळायचा, नळीचे तोंड नेढ्यावर टेकवायचे आणि वेढा सरकवायचा. अशा तीन गाठी एकामागे एक दिल्या आणि वर एक थेंब गोंद लावला की फ्लायचे डोके, म्हणजे नेढ्यामागचे दोऱ्याचे वेढे, सुटत नाही.

कात्री मात्र दोन कामांना एकच नको. तांब्याची तार कात्रीच्या टोकाने कापली की धार तिथेच बसते, आणि पुढच्या पिसाला ती चावते. तार कात्रीच्या मुळाशी, बिजागरीजवळ कापा, किंवा नखे कापायचे नेलकटर ठेवा. दोरा, तंगूस आणि तार, तिन्हीला ते पुरते.

बैठकीचा व्हाइस न्यावा की क्लॅम्पचा?

प्रवासाला क्लॅम्पचा. बैठकीच्या व्हाइसला स्थिर राहण्यासाठी जड लोखंडी तळ लागतो आणि पेटीचे निम्मे वजन त्यातच जाते.

क्लॅम्पची अडचण अशी की धरायला कडा हवी. विश्रामगृहाच्या टेबलाची कड कधी फार जाड असते, कधी खाली पट्टी असते, आणि शेतातल्या मुक्कामात टेबलच नसते. म्हणून १८ मिमी प्लायवूडची ३० बाय २० सेंटिमीटरची फळी सोबत न्या. क्लॅम्प फळीच्या कडेला आवळा, फळी मांडीवर घ्या किंवा बाजेवर ठेवून वरून दगडाने दाबा. फळीच्या तीन बाजूंना एक सेंटिमीटर उंचीची लाकडी पट्टी ठोकली की मणी घरंगळून खाली जात नाहीत. बॅगेत हीच फळी पेटीच्या पाठीला ठेवा, दणका ती सोसते.

निघण्याआधी व्हाइसचे जबडे तपासा. जो सर्वांत मोठा गळ नेणार (१/०) आणि जो सर्वांत लहान (१४), दोन्ही त्यात घट्ट बसतात का पाहा. स्वस्त व्हाइस १/० वर घसरतो. फोम आवळताना गळ खाली झुकला तर दोष हाताचा नाही, जबड्याचा आहे. जबडे बारीक पॉलिश कागदाने पुसून ग्रीस काढले तर पकड थोडी सुधारते.

साहित्य मोजून कसे घ्यायचे? अंदाज चुकतो.

एक फ्लाय घरी बांधून मोजा आणि दहाने गुणा. ८ नंबरच्या वूली बगरचा हिशेब उदाहरण म्हणून देतो, दहा फ्लायचा.

गळ १२ (दोन जास्तीचे). वजनासाठी ०.५ मिमीची शिसेविरहित तार, एका फ्लायला १२ वेढे म्हणजे सुमारे ७ सेंटिमीटर, एकूण ७० सेंटिमीटर. शेपटीला माराबू (मऊ, फुलारलेली) पिसे १०. अंगाला मध्यम जाडीचे शेनील (केसाळ दोरी), एकाला १२ सेंटिमीटर, एकूण १ मीटर २० सेंटिमीटर. पकडीसाठी बारीक तांब्याची तार, एकाला १५ सेंटिमीटर, एकूण दीड मीटर. सॅडल हॅकल (कोंबड्याच्या पाठीची लांब पिसे) १२, कारण एक-दोन देठ गुंडाळताना हमखास मोडतात. दोरा एका फ्लायला दीड-दोन मीटर, म्हणजे दहा फ्लायला फार तर २० मीटर. शंभर मीटरचे एक रीळ अख्ख्या मुक्कामाला पुरून उरते, त्यामुळे एका रंगाची दोन रिळे घेऊच नका.

शेनील आणि तार घरीच तुकडे करून न्या. अखंड गुंडाळी प्रवासात सुटते आणि पिशवीत जाळे होऊन बसते.

गळ आणि मणी कसे ठेवावेत?

गोळ्यांच्या आठवड्याच्या डबीत, सात खणांची मिळते ती. एका खणात एकच नंबर. मणी गळात घरूनच ओवून ठेवले तर सर्वांत मोठा त्रास वाचतो. १४ नंबरला साधारण २.८ मिमी, १२ ला ३.३ मिमी, १० ला ३.८ मिमी. मण्याचे लहान भोक नेढ्याकडे, मोठे वाकाकडे. उलटे झाले तर मणी वाकावरून पुढे सरकतच नाही.

गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबायचा असेल तर बांधण्याआधी दाबा. दाबताना काही गळ तडकतात. आधी तडकला तर गळ गेला, नंतर तडकला तर अर्ध्या तासाचे कामही गेले.

फळीवर गळ सांडू नयेत म्हणून जुन्या रेडिओच्या स्पीकरचे लोहचुंबक चांगले. पण गळ चुंबकावर मुक्कामी ठेवू नका. तेही चुंबकीय होतात आणि गुच्छाने चिकटू लागतात.

एप्रिल-मेच्या उन्हात गोंद, मेण आणि रेझिनचे काय होते?

इथे सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून जरा सविस्तर.

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद गाडीत तापमान त्याहून कितीतरी चढते. दोऱ्याला लावायचे मऊ मेण अशा वेळी पूर्ण वितळून पिशवीत झिरपते आणि पिसांना लागले की ती पिसे गेली. शुद्ध मधमाशीचे मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते, म्हणून ते जास्त टिकते. लिप बामच्या रिकाम्या नळीत भरून न्या.

फ्लायच्या डोक्यावर लावायचे पातळ सिमेंट (एक प्रकारचा गोंद) आणि पारदर्शक नेलपॉलिश यांतले द्रावण उडून जाते. बाटली बंद असली तरी झाकणाच्या आट्यांत सुकलेला थर असेल तर फट राहते. निघण्यापूर्वी आट्या पुसा, झाकण लावा, वरून टेप गुंडाळा आणि बाटली उभीच ठेवा.

यूव्ही रेझिन या पारदर्शक लेपाची गंमत वेगळी. ते उष्णतेने नाही, अतिनील किरणांनी घट्ट होते, आणि उन्हात ते किरण भरपूर असतात. बाटली उन्हात उघडली की नळीच्या तोंडाशीच रेझिन जमते. म्हणून काळ्या पिशवीत ठेवा, सावलीत उघडा, थेंब लावा, टोपण बंद करा आणि मगच फ्लाय उन्हात धरा. पातळ थर उन्हातच वाळतो, दिवसा यूव्ही टॉर्च काढायची गरज पडत नाही. थर जाड असेल तर आतून चिकट राहतो, म्हणून दोन पातळ थर द्या.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या एकदाच वापरायच्या छोट्या ट्यूब घ्या, मोठी बाटली नको. एकदा उघडलेला गोंद हवेतला दमटपणा ओढून आतच घट्ट होतो.

बेडकाचे पाय साध्या रबराचे करू नका. उन्हाने रबराला चिरा जातात आणि पहिल्याच माशाला पाय तुटतात. सिलिकॉनचे पाय टिकतात.

आणि पेटी गाडीत ठेवून जाऊ नका. झाडाखाली, ओल्या गोणपाटाखाली ठेवा.

वारा आणि धुळीत बांधायचे कसे?

वाऱ्यात बांधू नये. पहाटे किंवा सूर्यास्तापूर्वीचा शांत तास निवडा. तरीही वेळ आली, तर पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा आडवा पाडून त्याच्या तोंडात व्हाइस ठेवा. तीन बाजू आणि वरून आडोसा मिळतो, उजेडही आत येतो.

कोरड्या हवेत माराबू बोटांना चिकटतो आणि सावरता येत नाही. बोटे किंचित ओली करून पीस एकदा चोळा, केसांसारखे एकत्र बसते आणि शेपटीची लांबी मोजता येते. काळ्या मातीची बारीक धूळ मेण लावलेल्या दोऱ्यावर बसली की दोरा खरखरीत होतो. काम थांबवले की बॉबिन पिशवीत टाका, टांगून ठेवू नका.

पावसाळ्यात?

गंज. ओली फ्लाय डबीत परत ठेवली की शेजारच्या कोऱ्या फ्लायही गंजतात. वापरलेल्या फ्लायसाठी टोपीला किंवा बॅगेला फोमचा तुकडा लावा, वाळल्यावरच डबीत. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा.

हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि पाऊस वाढला की त्यातले बरेच उघडतात. खालच्या पात्रात पाणी झपाट्याने चढते. सामान पसरून काठाच्या वाळूत बसू नका, पावसाळ्यात फळी नेहमी उंच धक्क्यावर मांडा.

एखादी वस्तू संपली तर गावात पर्याय काय मिळतो?

बरेच काही मिळते, विचारायचे कुठे ते ठाऊक हवे.

मोटर वाइंडिंगचे दुकान: विहिरींच्या पंपांमुळे खान्देशात जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात असते. तिथून ३४ किंवा ३६ गेजची तांब्याची तार मागा, अनुक्रमे सुमारे ०.२३ आणि ०.१९ मिमी जाडीची. बगर आणि निम्फ दोन्हीला पकड म्हणून उत्तम. जुन्या वाइंडिंगची जळकी तार नको, ती ठिसूळ असते.

कटलरीचे दुकान: नायलॉनचे गंगावन. क्लाउझरसाठी लांब केस म्हणून छान चालते. बंडल जाड घेऊ नका. दाबल्यावर काडेपेटीच्या काडीएवढी जाडी पुरे, लांबी दांड्याच्या अडीचपट. जाड बंडल पाण्यात बसत नाही आणि फेकताना ओझे होते. पारदर्शक नेलपॉलिशही इथेच.

स्टेशनरीचे दुकान: २ मिमीची ईव्हीए फोम शीट. बेडकासाठी तीन थर चिकटवा.

शिंप्याकडे: ओव्हरलॉकचा पॉलिएस्टर दोरा. शिलाईचा नेहमीचा सुती दोरा जाड असतो, डोके फुगते आणि नेढे बंद होते.

इथे कापूस मुबलक आहे. डबिंगला, म्हणजे दोऱ्यावर पिळून फ्लायचे अंग भरायला, तोच का नाही?

बुडणाऱ्या निम्फला चालतो, तरंगणाऱ्या फ्लायला मुळीच नाही. कापूस पाणी शोषतो आणि दोन फेकींत फ्लाय जड होते. शिवाय त्याचे तंतू मऊ आणि गुळगुळीत, त्यामुळे अंगाला खरखरीत केसाळपणा येत नाही. निम्फला तोच केसाळपणा जिवंत दाखवतो. त्यापेक्षा मेंढीची लोकर बारीक कातरून, बोटांनी विस्कटून वापरा. लोकर तपकिरी-राखी असेल तर रंगवायलाही नको.

गावठी कोंबड्याची पिसे वापरली तर?

जरूर वापरा. मानेची लांब पिसे बगरसाठी चांगली. पण ताजी पिसे थेट पेटीत टाकू नका, त्यांत कीड आणि अंडी असू शकतात. साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग हवाबंद पिशवीत आठवडाभर फ्रीजरमध्ये, दोन दिवस बाहेर, पुन्हा आठवडाभर फ्रीजरमध्ये. मधले दोन दिवस उबणाऱ्या अंड्यांसाठी असतात. दुसऱ्या थंडीत त्या अळ्या मरतात.

डांबरगोळ्या पिसांजवळ ठेवत असाल तर फोम आणि कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डब्या दूर ठेवा. डांबरगोळीच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडून चिकट होते. कडुनिंबाचा पाला ठेवला तरी फ्रीजरची पायरी सुटत नाही.

मोरपीस आणि हरणाचे केस चालतात का?

मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शेपटीच्या नैसर्गिकपणे गळलेल्या पिसांना देशांतर्गत सवलत आहे, पण ती देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी पाहुण्याला भेट देऊ नका. चितळ, सांबर, रानकोंबडा यांचे केस किंवा पिसे कुणी आणून दिली तरी घेऊ नयेत. बोकडाचे लांब केस आणि गंगावन यांवर सगळे भागते. मासे फसवायला वन्यप्राणी मारावा लागत नाही.

दोरा सारखा तुटतो. कशामुळे?

तीन कारणे, याच क्रमाने तपासा. गळाच्या टोकाला दोरा घासतो का: व्हाइसमध्ये टोक उघडे राहिले की प्रत्येक वेढ्याला दोरा कातरला जातो. बॉबिनच्या नळीच्या तोंडाला खरखर आहे का: कानात घालायची कापसाची काडी आतून फिरवा, तंतू अडकले तर नळी खराब. तिसरे, रीळ फार घट्ट धरले आहे का: होल्डरचे पाय थोडे फाकवा. बॉबिन नुसती लटकवली तर पडू नये, हलके ओढले तर दोरा सुटावा.

रात्री बांधता येते का?

येते, पण पावसाळ्यात दिव्यावर किडे इतके येतात की रेझिनमध्ये चिकटतात. डोक्याचा दिवा बंद ठेवा, एक पांढरा दिवा दहा पावलांवर लावा आणि फळीजवळ मंद पिवळा.

रेल्वेने किंवा विमानाने जाताना?

रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेण्यास बंदी आहे, थिनर आणि अ‍ॅसिटोन घरीच. विमानात कात्री, सुई, गळ, नेलकटर, सगळे चेक-इन सामानात. गळांची डबी वेगळी आणि वरच ठेवा, तपासणी करणाऱ्याचा हात टोचणार नाही.

परवानगी लागते का?

बहुतेक धरणांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. आधी संस्थेच्या माणसांना भेटा, विचारा, मगच गळ टाका. स्थानिक भोई बांधवांना कुठे जाळी लावली आहे तेही विचारा. यावल आणि अनेर धरण अभयारण्यांत पेटी काढूच नका.

पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका पृष्ठभागावर दिसला, तर खाली मरळ राखण करत असते. ती त्या वेळी कशावरही झडप घालते. बेडूक काढून घ्या आणि पुढे चला. आई-बाप गेले की पूर्ण घोळका दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो.

कचऱ्याचे काय?

फळीच्या कडेला झिप पिशवी चिकटवा आणि प्रत्येक तुकडा तिच्यात टाका. तंगूसचे तुकडे पक्ष्यांच्या पायात गुंतून बसतात, आणि हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने असतात. वजनासाठी शिशाची तार टाळण्याचे कारणही तेच. तळातले शिसे बदकांच्या पोटात जाते.

परत आल्यावर पेटी कशी ठेवावी?

त्याच दिवशी उघडा. प्रत्येक पिशवीत काय उरले ते चार नावांच्या कागदावर लिहा आणि कमी पडले ते लगेच भरा. ओलसर पिसे पंख्याखाली वाळवा, व्हाइसच्या आट्यांतली धूळ जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढा, एक थेंब मशीनचे तेल द्या आणि जबडे मात्र कोरडे पुसा. जी पिशवी सलग दोन मुक्कामांत उघडलीच नाही, ती काढून टाका आणि तिच्या जागी जी फ्लाय संपली होती तिचे दुप्पट साहित्य भरा.